चिंधीचा हिशेब

शाळांच्या स्नेहसंमेलनांतून अलीकडे एक नवा प्रवेश रूढ झाला आहे. जुन्या साड्या, ओढण्या, वडिलांचे नको झालेले सदरे आणि वर्तमानपत्रांचे कागद यांपासून बेतलेले पोशाख घालून मुले रंगमंचावरून चालत जातात, निवेदिका 'टाकाऊतून टिकाऊ'चा महिमा सांगते, पालक मोबाइल उंचावून छायाचित्रे घेतात आणि मुलांना पर्यावरणाचे भान आले असे सर्वानुमते ठरते. हल्ली त्याला जोडून 'आर्थिक साक्षरता' हा शब्दही कार्यक्रमपत्रिकेत येतो. जुने वापरले म्हणजे पैसे वाचले, हे उघडच आहे असे मानून. आमचे म्हणणे असे की या प्रकारातून मुले पर्यावरण शिकत नाहीत आणि पैसा तर मुळीच शिकत नाहीत. जे शिकतात ते न शिकलेले बरे.

आधी त्या पोशाखाचेच काय होते ते पाहू. सुती साडी जुनी झाली तरी तिच्यापुढे अजून चार-पाच आयुष्ये शिल्लक असतात. ती दुसरे कुणी नेसू शकते. तिचे परकर होतात, झबली आणि दुपटी होतात, गोधडीचा एक थर होतो. मग फडके, मग पायपुसणे, आणि अखेरीस कारखान्यात यंत्रावरचे तेल पुसायची चिंधी. या उतरंडीवर प्रत्येक ठिकाणी तिला कुणी ना कुणी काही किंमत देते. संमेलनासाठी तीच साडी कात्रीने कापली, तिच्यावर गोंदाने चमकी आणि टिकल्या चिकटवल्या, की ही सगळी आयुष्ये एका संध्याकाळीत संपतात. गोंद लागलेले कापड नेसण्याच्या कामाचे राहत नाही, पुसण्याच्याही नाही, आणि ते पिंजून त्यातून धागा काढणे तर दूरच. शिवाय गोंद, चमकी, टिकल्या या नव्याच आणाव्या लागतात. म्हणजे ज्याला 'टिकाऊ' म्हणून टाळ्या पडल्या ते दुसऱ्या दिवशी घंटागाडीत जाते, आणि जे 'टाकाऊ' ठरवले गेले होते ते वस्तुतः आणखी दहा वर्षे कुणाच्या तरी उपयोगी पडले असते.

दुसरी गोष्ट पैशाची. या सबंध खटाटोपात एकदाही कुणी किंमत विचारत नाही. साडी केव्हा घेतली, कितीला घेतली, किती वेळा नेसली, आज ती विकायला काढली तर कोण घेईल आणि काय देईल, यांतला एकही प्रश्न मुलाच्या कानावर पडत नाही. पैसा शिकवायचा आणि भाव काढायचा नाही, हे पोहणे शिकवायचे आणि पाणी दाखवायचे नाही अशातले झाले. आमच्या पाहण्यात आलेल्या एका शाळेच्या सूचनापत्रकात मुलांना कपाट आवरून कपड्यांचे तीन ढीग करायला सांगितले होते: ठेवायचे, द्यायचे आणि 'पुनर्निर्मिती'चे. विकायचे, असा चौथा ढीग त्यात नव्हता. तो का नव्हता याचा विचार केला, तर या प्रकारातले सगळे ढोंग उलगडते, असे आम्हांला वाटते.

हा चौथा ढीग मराठी घरांत होता. तो जुन्या चादरीत बांधून पोटमाळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी ठेवलेला असे आणि बोहारीण येण्याची वाट पाहत असे. ती दुपारी येई, बहुधा पुरुषमाणसे घरात नसताना. डोक्यावर टोपली, टोपलीत एकात एक बसवलेली स्टीलची भांडी, काखोटीला कपड्यांचे बोचके. बोचके सोडले की ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून पाही. सदरा काखेत विरला आहे का, पँट बसण्याच्या जागी झिजली आहे का, चेन चालते का, सगळे तपासून होई. पँटला तिच्याकडे मान. कारण ती धुऊन, रफू करून, इस्त्री फिरवून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढते. विटक्या चादरीला त्याहून कमी, कारण ती फाडून पुसण्याच्या चिंध्याच व्हायच्या. खरी जर असलेली साडी निघाली तर तिचे डोळे चमकत आणि ती ते चमकणे लपवी. जर जाळली की चांदी निघते हे तिला माहीत असे, आणि घरच्या बाईलाही माहीत असे. मग घासाघीस. घरच्या बाईला घट्ट झाकणाचा डबा हवा, बोहारीण पातेल्यावर अडलेली. 'अजून एक पँट टाका, बाई.' बोलणी फिसकटत, टोपली डोक्यावर चढे, जिन्याच्या चार पायऱ्या उतरे, आणि वरून हाक जाई. ही हाक जाणार हे दोघींनाही ठाऊक असे.

उंबऱ्यावर बसून हे पाहणारे मूल जे शिकत होते त्याला वाणिज्य शाखेत मोठी नावे आहेत. घसारा म्हणजे काय हे त्याला पँटच्या झिजलेल्या बुडावरून कळे. वस्तूची किंमत ती आपल्याला किती प्रिय होती यावर ठरत नाही, पुढच्या माणसाला तिचा काय उपयोग यावर ठरते, हे आईचा लाडका निळा सदरा बोहारणीने बाजूला सारला की कळे. काळजीपूर्वक वापरलेल्या कपड्याला अधिक भांडे मिळते, हे तर सांगावेच लागत नसे. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे समोरच्या बाईलाही पोट आहे, तिलाही या व्यवहारात काही सुटले पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी ती आपल्या दारी येणार नाही, हेही त्याच्या ध्यानात येई. तिथे कुणी कुणावर उपकार करत नव्हते. दोघी एकमेकींना फसवण्याचा प्रयत्न करत, आणि दोघीही पुरत्या फसत नसत.

बोहारणीच्या बोचक्याचे पुढे काय होते, हे मात्र आपल्या मध्यमवर्गाने कधी विचारले नाही. या धंद्यातल्या पुष्कळ बायका मूळच्या गुजरातेकडच्या वाघरी समाजाच्या. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. दिल्लीत रघुबीर नगरला यांचा मोठा बाजार आहे. पहाटेच्या अंधारात तिथे कपड्यांचे ढीग लागतात आणि शहर जागे होईतो ते प्रतवारीने विकले जाऊन निरनिराळ्या वाटांना लागतात. ल्यूसी नॉरिस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी भारतीय जुन्या कपड्यांच्या या प्रवासावर २०१० साली एक अख्खे पुस्तक लिहिले. आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षे कथा-कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत. त्यांत बोहारीण आली ती बहुधा विनोदासाठी. असो.

आता तिच्या जागी काय आले ते पाहा. नव्या गृहसंकुलांच्या फाटकावर 'फेरीवाल्यांना व विक्रेत्यांना सक्त मनाई' अशी पाटी असते आणि तिच्या शेजारीच 'जुने कपडे येथे दान करा' अशी पेटी. जी बाई कपड्याचा मोबदला देऊन तो न्यायला तयार आहे तिला फाटकाबाहेर अडवायचे, आणि तोच कपडा कुठे जाणार हे ठाऊक नसलेल्या पेटीत फुकट टाकून पुण्य मिळवायचे, ही सोय मुले रोज शाळेच्या बसमध्ये चढताना पाहतात. तयार कपड्यांच्या साखळी-दुकानांनी तर याच्याही पुढची युक्ती काढली आहे. एका प्रख्यात स्वीडिश साखळीने २०१३ पासून जगभर आपल्या दुकानांत जुने कपडे जमा करून घेण्याची व्यवस्था केली; पिशवीभर जुने आणून टाका आणि पुढच्या खरेदीवर सूट मिळवा. वरवर पाहता ही बोहारीणच. पण बोहारीण कपड्याच्या बदल्यात पातेले देत असे आणि ते पातेले तीस वर्षे टिके. दुकान कपड्याच्या बदल्यात आणखी कपडे घेण्याचे निमित्त देते. पहिल्या व्यवहारात कपाट रिकामे होऊन फडताळ भरत असे. दुसऱ्यात कपाट रिकामे होते ते पुन्हा भरण्यासाठीच. मुलाला पर्यावरण शिकवायचे म्हणून हातात पिशवी देऊन या दुकानात नेणारे पालक आम्हांला माहीत आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. हेतू चांगला असला म्हणून हिशेब बरोबर येतो असे नाही, एवढेच.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आम्ही गतकाळाचे गोडवे गाऊ लागलो. तसे नाही. 'आमची आजी खरी पर्यावरणवादी होती' हे वाक्य आम्ही इतक्यांदा वाचले आहे की ते दिसले की पान उलटावेसे वाटते. आजी पर्यावरणवादी नव्हती. तिच्याकडे लुगडी मोजकी होती. गोधडीतले सौंदर्य हे आधी थंडी आणि टंचाई यांचे अपत्य आहे. तिचे दोरे दुपारी हातात सुई धरून ज्यांनी घातले त्या बायकांना त्या वेळात दुसरे काही करण्याची मुभा नव्हती. आज हीच गोधडी शहरातल्या प्रदर्शनांत हजारोंना विकली जाते आणि रस्त्याकडेला पाल टाकून घरोघरच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या फिरस्त्या बायकांना तिच्या शिलाईचे काय मिळते, हा प्रश्न प्रदर्शनातल्या माहितीपत्रकात नसतो. गोधडी मुलांना जरूर दाखवावी. पण ती उलटीही करून दाखवावी, टाके मोजायला लावावेत, एका हाताला इतके टाके घालायला किती दिवस लागले असतील याचा अंदाज करायला सांगावा, आणि त्या दिवसांची मजुरी आजच्या दराने काढून तिची छापील किमतीशी तुलना करायला लावावी. त्यानंतर खुशाल तिच्या सौंदर्यावर निबंध लिहावा. आणि हो, सुई मुलग्यांच्याही हातात द्यावी. शिवण हा विषय मुलींच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या होता, मुलग्यांच्या नशिबी तो नव्हता. परिणामी सदऱ्याचे बटण तुटले की सदराच टाकून देणारा पुरुष आपण निर्माण केला.

यापुढचा मुद्दा अधिक अवघड आहे. जुना कपडा अंगावर घालणे ही आपल्या समाजात कधीच निव्वळ काटकसरीची बाब नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, हेही त्याच अध्यायात. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा 'हक्क' समजला जाई. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळण्यात आला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, कपडे स्वच्छ कसे ठेवावेत, जात ओळखू येईल असे दागिने का टाकून द्यावेत, हा त्या भाषणाचा विषय होता. एवढ्या मोठ्या संघर्षाच्या मध्यावर नेत्याने कपड्यांवर बोलावे याचे ज्यांना आश्चर्य वाटते त्यांना कपडा म्हणजे काय हे कळलेले नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्यांच्या अंगावर कडक सूट असतो, त्याचा अर्थ महाराष्ट्रातल्या लाखो घरांना समजावून सांगावा लागत नाही. कुणाचे तरी उतरलेले घालणे ज्यांच्यावर लादले गेले होते, त्यांच्या नातवंडांना वर्गात उभे करून 'उतरलेले घालण्यात कमीपणा मानू नये' असा उपदेश करणाऱ्या पर्यावरणशिक्षणाला इतिहासाचे भान नाही, असेच म्हणावे लागते.

आणि हा प्रश्न इतिहासापुरता नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशवर्गाच्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखून ठेवल्या. म्हणजे 'गरिबांना देण्यासाठी जुने कपडे घेऊन या' ही सूचना बाई फळ्यावर लिहितात तेव्हा ज्यांना ते कपडे मिळणार आहेत अशी मुलेही त्याच बाकांवर बसलेली असतात. त्यांनी काय आणायचे? बाकीच्यांच्या पिशव्या पाहून काय समजायचे? दानपेटीने देणाऱ्याला थोर केले, ते घेणाऱ्याला लहान करूनच केले. बोहारणीच्या व्यवहारात हा दोष नव्हता, कारण तिथे मोबदला होता. आणि तिने विकलेला सदरा पुढे पदपथावर ज्याने विकत घेतला त्यानेही तो पारखून, भाव पाडून, खिशातले पैसे मोजून घेतला होता. विकत घेतलेला जुना कपडा आणि मिळालेला जुना कपडा यांत धाग्याचा फरक नसेल, माणसाच्या मानेचा असतो. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या 'गूंज'ने नेमके हे ओळखले. त्यांच्या कामात शहरातले जुने कपडे गावांत जातात ते गावकऱ्यांनी विहीर खोदली, बांध घातला, रस्ता दुरुस्त केला त्याचा मोबदला म्हणून. गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्याकडच्या अनेक शाळांनी त्यांच्या नावाने कपडे गोळा केले असतील. त्यांतला मोबदल्याचा भाग किती शाळांनी मुलांना समजावून सांगितला असेल, याविषयी आम्ही फारसे आशावादी नाही.

नव्या कपड्याची ओढ हे पाप नव्हे, हेही या निमित्ताने म्हणून ठेवतो. 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात परगावी शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात तो घरी घेऊन जातो. मराठी मुलांच्या तीन-चार पिढ्यांना बचतीचा अर्थ याहून सोप्या रीतीने कुणी सांगितला नसेल. त्यात नव्याचा तिरस्कार नाही. उलट एक नवा कोट केवढा मोठा असू शकतो, हेच तिथे कळते. ज्या मुलाकडे नऊ जाकिटे आहेत त्याला ते कळणे कठीण, आणि संमेलनातल्या चमकीच्या पोशाखाने ते कळण्याची शक्यता शून्य.

तर मग शिकवावे काय? हिशेब शिकवावा, दोन्ही टोकांचा. कपडा आपल्या हातात येण्याआधीचा आणि हातातून गेल्यानंतरचा.

आधीच्या टोकाला आजकाल एकच आकडा पाठ करून घेतला जातो: एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी. जागतिक सरासरी म्हणून हा आकडा फिरत असतो आणि फलकावर छान दिसतो. पण विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. तिथल्या शेतकऱ्याची अडचण त्याने पाणी फार वापरले ही नाही. पाऊस वेळेवर पडला नाही, बियाणे-कीटकनाशके उधारीवर आली आणि भाव उतरला, ही आहे. तेव्हा लिटरांऐवजी रुपये मोजायला लावा. एक क्विंटल कापसातली सरकी काढली की साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, म्हणजे ३३-३४ किलो. हलक्या टी-शर्टला, सूतगिरणीतली आणि बेतण्यातली नासधूस धरून, २०० ग्रॅम रुई लागते असे माना. म्हणजे एका क्विंटलमध्ये १७० च्या आसपास टी-शर्ट. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. तो मिळाला असे जरी धरले तरी एका टी-शर्टमागे शेतकऱ्याच्या हाती ४५ रुपयांहून कमीच आले, आणि यातून त्याचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. टी-शर्टच्या गळ्यापाशी लटकणाऱ्या चिठ्ठीवरची किंमत यापुढे मांडून उरलेले पैसे कुठे गेले हे शोधायला लावले, तर सहावीतला मुलगा शिवणाऱ्या बाईपर्यंत, जाहिरातीपर्यंत आणि लोअर परळच्या मॉलच्या भाड्यापर्यंत आपोआप पोचेल. तो मॉल फिनिक्स मिलच्या जागेवर उभा आहे, हे त्याला जाता जाता सांगावे. जिथे कापड विणले जात होते तिथे आता ते फक्त विकले जाते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात जे गिरणी कामगार उतरले त्यांच्या नातवंडांतले कुणी आज तिथे कपड्यांच्या घड्या घालत असेल. ढाक्याजवळच्या राणा प्लाझाची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ११०० हून अधिक कामगार गेले, हेही स्वस्त टी-शर्टच्या हिशेबातलेच कलम आहे.

स्वस्ताईचा हिशेबही मुलांना स्वतः मांडता येतो. १२०० रुपयांचा सदरा १२० वेळा घातला तर एका वेळेला १० रुपये पडले. ३०० रुपयांचा सदरा दहा धुण्यांत आटला तर ३० पडले. इथवर बहुतेक शिक्षक पोचतात आणि 'म्हणून दर्जेदार घ्यावे' असे सांगून तास संपवतात. पण खरा धडा इथून पुढे आहे. ज्याच्या खिशात एकदम १२०० रुपये नाहीत त्याला ३० रुपयांचाच सदरा घालावा लागतो, आणि म्हणून गरिबी ही नेहमी अधिक खर्चाची असते. काटकसरीचा उपदेश गरिबाला करणे किती पोकळ आहे, हे एवढ्या त्रैराशिकातून दिसते.

आता दुसरे टोक. दानपेटीतला किंवा परदेशातल्या दुकानात जमा झालेला कपडा कुठे जातो? लोकरीचा असेल तर बऱ्याचदा हरियाणातल्या पानिपतला. थंड देशांतले कोट-स्वेटर कापून, चिंध्या करून कांडल्यामार्गे तिथे येत. बायका विळीवर ते चिरतात, बटणे-चेनी काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, यंत्रे ते पिंजतात आणि त्यातून निघालेल्या आखूड धाग्याची घोंगडी होतात. जगभरच्या भूकंपांत आणि पुरांत मदत म्हणून वाटल्या गेलेल्या कांबळ्यांत पानिपतचा वाटा मोठा होता. मेघना गुप्ता यांच्या 'अनरॅव्हल' या २०१२ च्या लघुपटात तिथल्या बायका या कपड्यांकडे पाहून गोऱ्या लोकांविषयी जे तर्क करतात ते मुलांना जरूर दाखवावेत. हसतील आणि थोडे अस्वस्थही होतील. इथे आणखी एक शास्त्रीय गोष्ट सांगता येते. प्रत्येक पिंजणीत तंतू आखूड होतो, म्हणून स्वेटरचे पुन्हा स्वेटर होत नाही, घोंगडे होते. आणि सुतात पॉलिएस्टर मिसळलेले असेल तर दोघांना वेगळे करणे महाकठीण. 'रिसायकल्ड' अशी चिठ्ठी लावलेले पॉलिएस्टर बहुतांशी जुन्या कपड्यांचे नसते, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांचे असते. चक्र म्हणून जे दाखवले जाते तो खरे तर उतरता जिना आहे.

सुती कपडा असेल तर तो आफ्रिकेत जाण्याची शक्यता अधिक. घानाची राजधानी आक्रा इथला कांतामांतो हा जगातल्या मोठ्या जुन्या बाजारांपैकी एक. तिथे गासड्या न पाहता विकत घ्याव्या लागतात. आत घालण्याजोगे निघाले तर नफा, विटलेले निघाले तर कर्ज. निकामी माल गटारांतून समुद्रात जातो. या कपड्यांना घानात 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे; जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकून देईल यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही. मढ्यावरचे कापड ही कल्पना समुद्रापलीकडे याही रूपात आहे. जानेवारी २०२५ मध्ये या बाजाराचा मोठा भाग आगीत जळाला आणि हजारो दुकानदारांचे भांडवल गेले.

कापड, कष्ट आणि पैसा यांची सांगड शिक्षणात घालण्याचा प्रयत्न आपल्याच मातीत झालेला आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमेत टकळी आणि चरखा होता, मुलाने काढलेल्या सुताचा भाव होता, आणि गणित त्या सुतावरच शिकवायचे होते. मुलांच्या सुतातून शिक्षकाचा पगार निघावा या अपेक्षेवर तेव्हाच टीका झाली आणि ती रास्त होती. शाळेचा कारखाना होण्याची भीती खोटी नव्हती. पण आज आपण दुसऱ्या टोकाला गेलो. नई तालीमेतल्या मुलाला एका लटीचे काय येतात हे ठाऊक होते. आजच्या कार्यानुभवाच्या तासाला बनलेल्या वस्तूला कुणी विकत घेईल का, हा प्रश्न विचारणेही असभ्य मानले जाते.

शाळांना खरोखरच काही करायचे असेल तर रंगमंचावर जाण्याची गरज नाही, आपल्या गणवेशाकडे पाहिले तरी पुरे. मुले वाढतात, कपडा टिकतो. जुना वापरण्यासाठी गणवेशाइतके सोयीचे वस्त्र दुसरे नाही. जुनी पाठ्यपुस्तके निम्म्या किमतीत घेण्या-विकण्याची पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातली रीत कुणाला कमीपणाची वाटत नाही. गणवेशाचे तसे का होत नाही? कारण काही शाळा दर तीन-चार वर्षांनी रंग बदलतात, खिशावरचे बोधचिन्ह बदलतात, खेळाच्या तासाला वेगळा आणि शनिवारी आणखी वेगळा लावतात, आणि हे सगळे एका ठरावीक दुकानातूनच घेण्याची सक्ती करतात. थोरल्याचा धाकट्याला येऊ नये अशीच ही व्यवस्था. जूनमध्ये हे करायचे आणि डिसेंबरात 'टाकाऊतून टिकाऊ' करायचे, याला काय म्हणावे? सरकारही फार वेगळे वागले नाही. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून २०२४-२५ मध्ये शासकीय शाळांचे कापड केंद्रीय पद्धतीने घेतले गेले, पुष्कळ ठिकाणी गणवेश उशिरा आले, मापांच्या तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावे लागले. या सगळ्या गोंधळात गणवेशाचे आयुष्य किती असावे, हा विषय कुणी काढला नाही.

गणवेश दहा वर्षे न बदलण्याचे लेखी आश्वासन शाळेने द्यावे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात जुन्या गणवेशांचा बाजार मुलांनीच चालवावा. दान नव्हे, बाजार. झीज पाहून भाव लावायचा, घेणाऱ्याने पारखून घ्यायचे, पंचवीस टक्क्यांतल्या मुलानेही विकायचे आणि घ्यायचे. आणि भाव कसा लावतात हे शिकवायला बाहेरून कुणी प्रशिक्षक आणण्याआधी एखाद्या बोहारणीला वर्गात बोलवावे. फाटकावरचा रखवालदार तिला अडवील, तेव्हा त्याला आधी चिठ्ठी द्यावी लागेल. तिने बोचके सोडावे, कपडे उजेडाकडे धरावेत आणि कुठला का नाकारला ते सांगावे. तिच्या तासाचे मानधन शाळेने रोख द्यावे. किती, ते मुलांनी तिच्याशी घासाघीस करून ठरवावे, आणि ती चार पायऱ्या उतरू लागली तर तिला हाक मारावी.